शेतकऱ्याच्या घरची कर्मशाळा व बहुविध वेल्डिंग-यंत्राची निवड

मृग लागून पहिला चांगला पाऊस पडला, जमिनीस वाफसा आला, आणि तिफण जुंपतांच फणाचा सांधा तुटला, तर त्या दिवशीं शेतकऱ्याच्या मनाची काय अवस्था होते हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. तुटलेला तुकडा मोटारसायकलीस बांधून तालुक्याच्या रस्त्यावरील वेल्डिंगच्या दुकानीं जावें, तों तेथें आधींच दहा-बारा मंडळी आपापलीं अवजारें घेऊन बसलेलीं. दुपारीं वीज जाते, सायंकाळीं पाळी येते, आणि काम उरकून घरीं यावें तों रात्र. दुसऱ्या दिवशीं ऊन पडलें कीं वरची ओल उडते. तिसऱ्या दिवशीं पेरलेलें बीं अर्धवट उगवतें. सांध्याची मजुरी थोडी, पण गेलेल्या वाफशाची किंमत कोणत्याहि दुकानीं मोजून मिळत नाहीं. वाफसा कोणाची वाट पाहत नाहीं.

ह्याच कारणास्तव आपल्या घरच्या छपरींत एक लहानशी कर्मशाळा असावी, तींत एक वेल्डिंगचें यंत्र असावें, असें अनेक शेतकरी बंधूंस अलीकडे वाटूं लागलें आहे, व तें योग्यच आहे. परंतु बाजारांत गेल्यावर दुकानदार जें यंत्र पुढें करतो त्यावर 'तीन कामें एका यंत्रांत' अशा अर्थाचीं अक्षरें मोठ्या रंगांत असतात. काडी, तारेचें मिग व टिग अशा तीन रीती एकाच पेटींत, आणि किंमत मात्र साध्या काडीच्या यंत्राहून बरीच अधिक. हें बहुविध यंत्र घ्यावें कीं न घ्यावें, आणि घ्यावयाचें तर कोणतें गुण पाहून घ्यावें, ह्याचा विचार ह्या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लाकूड गेलें, लोखंड आलें

आपल्या वाडवडिलांच्या वेळीं औतें लाकडाचीं होतीं. सुतार व लोहार हे गांवचे बलुतेदार. मृगापूर्वीं वखराची पास शेवटून देणें, फाळास धार लावणें हें लोहाराचें काम, व त्याचें बलुतें खळ्यावर ठरलेलें. पुढें लक्ष्मणराव किर्लोस्करांसारख्या उद्योगी पुरुषानें लोखंडी नांगर करून दाखविला. १९१० सालीं किर्लोस्करवाडीस त्यांचा कारखाना उभा राहिला, आणि हळूहळू लोखंडी अवजार महाराष्ट्राच्या शेतांत शिरलें. आज ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र, मळणीयंत्र, ट्रॉली, फवारणीचा सांगाडा हें सर्वच लोखंड-पोलादाचें झालें आहे. मोडतोड पूर्वींहि होती. पण बाभळीचा दांडा घरीं तासून बसवितां येत असे, तसें लोखंडाचें होत नाहीं.

जालना जिल्ह्याची गोष्ट तर विशेषच आहे. जालना शहरांत भंगार वितळविणाऱ्या विजेच्या भट्ट्या व सळया ओढणारे कारखाने आहेत. ह्या गांवच्या सळया दूरदूर जातात. म्हणजे लोखंड आपल्या दाराशीं आहे. उणीव आहे ती तें घरच्या घरीं नीट सांधण्याच्या विद्येची. अंबड-घनसावंगीकडील मोसंबीच्या बागा, बदनापूर-भोकरदनकडील कापूस व सोयाबीन, परतूर-मंठ्याकडील तूर, ह्या सर्वांस वेळेवर चालणारें अवजार सारखेंच लागतें.

तीन रीती, तीन जन्म

ह्या तीन रीतींचा जन्म वेगवेगळ्या कामांसाठीं झाला हें ध्यानांत घेतलें म्हणजे निवडीचा अर्धा गोंधळ नाहींसा होतो.

पहिली काडीची रीत. लोखंडी काडीवर औषधी द्रव्याचें वेष्टन देऊन तिनें सांधावें ही युक्ति स्वीडन देशांतील ऑस्कर केल्बर्ग नांवाच्या अभियंत्यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं काढली. जहाजांच्या बाष्पपात्रांची दुरुस्ती हा त्याचा धंदा होता. वेष्टन जळून वायू होतो व वितळलेल्या धातूचें हवेपासून रक्षण करितो. वर राखेसारखा खपला बसतो, तो ठोकून काढावयाचा. उघड्यावर, वाऱ्यांत, थोड्या गंजलेल्या जाड लोखंडावर चालणारी हीच रीत. दुरुस्तीसाठीं जन्मली व दुरुस्तीसच उत्तम.

दुसरी टिगची रीत. हिच्यांत टंग्स्टन धातूची न वितळणारी सुई, भोंवतीं ऑर्गन वायू, आणि भर घालावयाची तार दुसऱ्या हातानें द्यावयाची. १९४० नंतरच्या दोन-चार वर्षांत अमेरिकेंत विमानांच्या मॅग्नेशियमसारख्या हलक्या धातूंसाठीं ती पुढें आली. सांधा सुबक व स्वच्छ होतो. पण हात फार सरावाचा, धातु आरशासारखी घासलेली, व वेग अगदीं मंद.

तिसरी तारेची, म्हणजे मिगची रीत. यंत्रच तारेचें रीळ उलगडून तार पुढें ढकलतें, व नळीवाटे वायू येतो. ही १९४८ च्या सुमारास ऍल्युमिनियमसाठीं निघाली. १९५० नंतर कार्बन डायऑक्साइडसारखा स्वस्त वायू चालतो असें दिसून आल्यावर ती लोखंडाच्या कारखान्यांत पसरली. पातळ पत्रा, चौकोनी नळी, एकामागून एक शेंकडों सारखे सांधे, ह्या कामीं हिला तोड नाहीं. कारखान्यासाठीं वाढली, म्हणून स्वच्छ लोखंड व वाऱ्याचा आडोसा मागते.

ह्याच रीतीची एक पोटशाखा शेतकऱ्याच्या विशेष उपयोगाची आहे. तिच्यांत तार पोकळ असून तिच्या पोटांत काडीच्या वेष्टनासारखें द्रव्य भरलेलें असतें. त्यामुळें वायूचें सिलिंडर लागत नाहीं व वाऱ्यांतहि काम होतें. धूर व शिंतोडे मात्र अधिक. ह्या तारेस बहुधा टॉर्च ऋण टोंकास जोडावा लागतो, आणि वायूच्या भरीव तारेस धन टोंकास. ही अदलाबदल करण्याची सोय यंत्रांत आहे कीं नाहीं हें घेतांना उघडून पाहावें. ती नसेल तर 'वायूविना चालतें' हें म्हणणें निव्वळ बोलण्यापुरतें समजावें.

प्रथम वीज पाहा, मग यंत्र

आमचा स्वतःचा अनुभव येथें सांगणें अवश्य आहे. आम्हीं पहिलें यंत्र घेतलें तेव्हां त्यावर ठळक अक्षरांत '२५०' हा आंकडा पाहून घेतलें. दुकानांत तें सुरेख चाललें. शेतावरच्या छपरींत रात्रीं आणून लावलें, तों काडी लोखंडास चिकटूं लागली. प्रथम आम्हीं आपल्या हातास दोष दिला, मग काडीस, मग दुकानदारास. शेवटीं एका जाणत्या तारतंत्र्यानें मीटर लावून दाखविलें: आसपासचे पंप चालू असल्यामुळें दाब २३० व्होल्टांऐवजीं १७५ वर आला होता, आणि आमचें यंत्र १९५ च्या खालीं नीट चालणारें नव्हतें. दुकानदार खोटें बोलला नव्हता. आम्हींच विचारलें नव्हतें.

म्हणून बाजारांत जाण्यापूर्वीं पहिलें काम हें: ज्या खुंटीवर यंत्र लावावयाचें तेथें सकाळीं, दुपारीं व रात्रीं पंप चालू असतांना, असे चार-आठ दिवस व्होल्ट मोजून वहींत टिपावे. दाब वारंवार दोनशेंच्या खालीं जात असेल, तर कमी दाबावर चालणारें म्हणून ज्याच्या पाटीवर लिहिलें आहे असेंच यंत्र घ्यावें. पाटीवरचा आंकडा प्रमाण. तोंडचा शब्द प्रमाण नव्हे.

आतां यंत्र वीज किती ओढतें तें पाहूं. हा हिशेब एकदां समजला कीं तो जन्मभर उपयोगीं पडतो. काडीच्या कामांत ज्योतीचा दाब अदमासें २० अधिक प्रवाहाचे शंभरांतील चार भाग, इतके व्होल्ट धरतात. बाजारांत ज्यास दहा नंबरची, म्हणजे ३.१५ मिलिमीटरची काडी म्हणतात, तिला १२० ऍम्पिअर लागले असें धरूं. ज्योतीचा दाब सुमारें २५ व्होल्ट, म्हणून शक्ति ३ किलोवॉट. यंत्रांत शेंकडा पंधरा वाया जाते असें धरलें तर ओढ ३॥ किलोवॉट. आणि साध्या इन्व्हर्टर यंत्राचा पॉवर फॅक्टर ०.७ च्या आसपास धरला तर ५ किलोव्होल्ट-ऍम्पिअर. त्यास २३० नें भागिलें म्हणजे सुमारें २२ ऍम्पिअर होतात.

घरांतील मोठी पिन १६ ऍम्पिअरची असते. म्हणजे त्या पिनेवर १२ नंबरची, २.५ मिलिमीटरची काडी ८० ऍम्पिअरवर कशीबशी चालेल, कारण ती १४ च्या आंत ओढते. दहा नंबरची चालणार नाहीं, आणि आठ नंबरची, ४ मिलिमीटरची काडी १६० ऍम्पिअरवर सुमारें ३१ ऍम्पिअर ओढील. पिन वितळणें, तारेस वास येणें, फ्यूज उडणें ह्या तक्रारींचें मूळ येथें आहे. यंत्रासाठीं मीटरपासून स्वतंत्र तार, ३२ ऍम्पिअरची एमसीबी, गळती झाली कीं वीज तोडणारी कळ, व खरी अर्थिंग, एवढी तयारी परवानाधारक तारतंत्र्याकडून आधीं करून घ्यावी.

तारेची जाडीहि महत्त्वाची. मीटर पन्नास मीटरवर असून तांब्याची तार २.५ चौरस मिलिमीटर असेल, तर २२ ऍम्पिअरवर त्या तारेंतच सुमारें १७ व्होल्ट खर्ची पडतात. तीच तार ६ चौरस मिलिमीटरची असेल तर सुमारें ७. ज्याचा दाब आधींच कमी, त्यानें बारीक तार घालणें म्हणजे गळक्या मोटेनें पाणी उपसणें होय. जनित्रावर चालवावयाचें असल्यास वरील ५ किलोव्होल्ट-ऍम्पिअरच्या कामास ७॥ चें जनित्र ठेवावें. शेतीपंपाच्या जोडणीवर वेल्डिंग करण्यापूर्वीं महावितरणच्या कचेरींत विचारून घ्यावें, म्हणजे मागाहून दंडाची तक्रार उरत नाहीं.

यंत्राच्या पाटीवर काय वाचावें

यंत्रावरचा मोठा आंकडा हा बहुधा त्याची परमावधि असते. त्याहून महत्त्वाचा आंकडा म्हणजे कामाचें प्रमाण. '१६० ऍम्पिअर, शेंकडा ६०' ह्याचा अर्थ दहा मिनिटांपैकीं सहा मिनिटें १६० ऍम्पिअरवर चालेल व चार मिनिटें विसांवा घेईल. हें प्रमाण किती उष्णतेच्या हवेंत मोजलें तेंहि पाहावें. चाळीस अंशांवर मोजलेलें असेल तें खरें. कांहीं यंत्रांचें वीस-पंचवीस अंशांवर मोजलेलें असतें. आपल्याकडे वैशाखांत पत्र्याच्या छपरींत चाळिसांहून अधिक उष्णता असते. तेथें असें यंत्र चार काड्या ओढून दिवा लावून स्वस्थ बसतें.

तारेच्या यंत्रांत आणखी चार गोष्टी पाहाव्या. तार ढकलणाऱ्या चाकांचा सांगाडा धातूचा असावा, प्लास्टिकचा नसावा. भरीव तारेस साध्या खांचेचें व पोकळ तारेस दांत्यांचें चाक लागतें; दोन्ही मिळतात कीं नाहीं तें विचारावें. रीळ पांच किलोचें मावावें. एक किलोचीं रिळें महाग पडतात. आणि टॉर्च सुटा होणारा व सर्वत्र मिळणाऱ्या जोडाचा असावा. कारण यंत्राआधीं टॉर्चच झिजतो, आणि तो यंत्राशीं कायमचा जोडलेला असल्यास सगळी पेटी दुरुस्तीस न्यावी लागते.

टिगसंबंधानें स्पष्ट सांगावयाचें तर, बहुतेक बहुविध यंत्रांत ती सोय असली तरी टॉर्च, ऑर्गनचें सिलिंडर व दाबनियामक वेगळे घ्यावे लागतात. शिवाय ह्या यंत्रांत बहुधा एकदिश प्रवाहच असतो. ऍल्युमिनियम टिगनें सांधावयास उभयदिश प्रवाह लागतो. म्हणून 'ह्यावर ऍल्युमिनियमहि होतें' असें कोणी सांगितलें तर त्यास तेथेंच करून दाखविण्यास सांगावें. दुधाच्या धंद्यांत स्टेनलेसचीं भांडीं वारंवार सांधावीं लागत असतील, तर टिगचा विचार करावा. एरवीं शेतकऱ्यानें त्यासाठीं पैसा गुंतवूं नये.

कोणतें काम कोणत्या रीतीनें

वखर, नांगर, तिफण, पेरणीयंत्राचा सांगाडा, फाटकाचे जाड खांब हीं कामें काडीचीं. येथें लोखंड जाड असतें, गंज व माती पूर्ण निघत नाहीं, आणि सांध्यावर झटके बसतात. साध्या कामास ६०१३ वर्गाची काडी पुरते. ज्या सांध्यावर जीव टांगलेला आहे तेथें ७०१८ वर्गाची, भट्टींत वाळवून कोरडी केलेली काडी वापरावी. काड्या आय. एस. ८१४ ह्या मानकाच्या छापाच्या घ्याव्या, व पावसाळ्यांत घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवाव्या. ओली काडी सांध्यांत भोंकें पाडते.

पत्र्याच्या पेट्या, फवाऱ्याचे सांगाडे, गव्हाणीचीं कडीं, कोंबड्यांचे पिंजरे, चौकोनी नळीचीं दारें हीं कामें तारेचीं. काडीनें दीड मिलिमीटरच्या पत्र्यास नवशिक्याच्या हातून भोंक पडतें, ०.८ मिलिमीटरच्या तारेनें तेंच काम शाळकरी मुलगाहि आठ दिवसांत शिकतो.

परंतु येथेंच मोठा धोका आहे, व तो वाचकांनीं मनावर कोरून ठेवावा. तारेचा सांधा दिसण्यांत बहुधा सुंदर असतो. लहान यंत्रानें जाड पट्टीवर तार ओढली तर ती वरवर गुळगुळीत बसते, पण खालच्या धातूंत मुरत नाहीं. काडीचा वाईट सांधा वाईट दिसतो व सांगून मोडतो. तारेचा वाईट सांधा चांगला दिसतो व दगा देतो. ट्रॉलीचा आंकडा, ट्रॅक्टरच्या तीन कड्यांचे कान, ऍक्सल व जॅक ह्या ठिकाणीं घरच्या नवशिक्यानें कोणत्याच रीतीनें हात घालूं नये. उसाची किंवा कापसाची भरलेली ट्रॉली रस्त्यावर सुटली तर मागून येणाऱ्याचा जीव जातो. हीं कामें कसलेल्या कारागिराकडेच द्यावीं.

प्रत्येक लोखंड सारखें नसतें, हेंहि ओळखावें. ग्राइंडर लावून ठिणग्या पाहाव्या. लांब सरळ रेघा निघाल्या तर नरम लोखंड. तें सहज सांधतें. फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या पुष्कळ ठिणग्या निघाल्या तर तें कठीण पोलाद. कमानपाटे, वखराची पास, रोटाव्हेटरचीं पातीं ह्या जातीचीं. तें थंड असतांना सांधलें तर सांध्याशेजारीं कांचेसारखें ठिसूळ होऊन दुसऱ्या दिवशीं तडकतें. असा तुकडा दीड-दोनशें अंशांपर्यंत तापवून, कोरड्या ७०१८ काडीनें सांधून, मग राखेंत पुरून सावकाश निवूं द्यावा. पाण्यांत कदापि बुडवूं नये. रोटाव्हेटरचें पातें मात्र बदललेलेंच बरें. लालसर, आंखूड ठिणग्या निघाल्या तर तें बीड. त्यास निकेलची काडी, बोटभर लांबीचा सांधा, लगेच हलक्या हातोडीनें ठोकणें, आणि निवल्यावर पुढचा, असें धीरानें करावें.

जालन्याच्या सळयांविषयींहि दोन शब्द. पीळदार टीएमटी सळईचें बळ तिच्या बाहेरच्या एकदम थंड केलेल्या कड्यांत असतें. वेल्डिंगच्या उष्णतेनें तें कडें नरम पडतें. घरबांधणींतून उरलेली सळई कुंपणास व मांडवास वापरावी. ओढणीच्या खिळीस किंवा आंकड्यास वापरूं नये.

दुकानांत परीक्षा

यंत्र घेतांना आपल्या दहा नंबरच्या पांच-सहा काड्या व आठ मिलिमीटर जाडीच्या पट्टीचे दोन तुकडे बरोबर न्यावे. एक तुकडा दुसऱ्यावर उभा धरून एकाच बाजूनें सांधावा, आणि काड्या लागोपाठ ओढून यंत्र थकतें कीं काय तें पाहावें. मग निवलेला तुकडा शेगड्यांत आवळून सांध्याच्या उलट बाजूनें घण मारून सांध्याच्या बाजूस पाडावा. सांधा उघडून मुळाशीं काळी रेघ दिसली तर धातु मुरला नाहीं असें समजावें. दुकानदार ह्या परीक्षेस कंटाळत असेल तर नमस्कार करून पुढच्या दुकानीं जावें.

दुरुस्ती कोठें होते, सुटे भाग जालन्यांत किंवा छत्रपति संभाजीनगरांत मिळतात कीं नाहीं, आणि वायूचें सिलिंडर भरून किती दिवसांत येतें, हे तीन प्रश्न किमतीच्या आधीं विचारावे. ज्या यंत्राचा सुटा भाग यावयास पंधरा दिवस लागतात तें मृगांत बंद पडलें तर घरीं असून नसल्यासारखेंच.

डोळे, फुप्फुसें व आग

यंत्राबरोबर आपोआप काळा होणारा मुखवटा, चामड्याचे हातमोजे व सुती जाड कपडे हे घेतलेच पाहिजेत. उघड्या डोळ्यांनीं ज्योत पाहिली तर त्या वेळीं कांहीं वाटत नाहीं. पांच-सहा तासांनीं डोळ्यांत वाळू घातल्यासारखी वेदना होते. घरचीं मुलें हमखास पाहावयास येतात. त्यांस दूर ठेवण्यासाठीं पडदा लावावा. जस्ताचा मुलामा दिलेल्या नळीचा धूर अंगीं गेला तर थंडी वाजून ताप भरतो. मुलामा आधीं घासून काढावा व काम मोकळ्या हवेंत करावें. डिझेलची टाकी अथवा औषधाचें पिंप कितीहि धुतलें असलें तरी घरीं सांधूं नये. ट्रॅक्टरवर काम करितांना बॅटरीच्या तारा आधीं सोडाव्या. ओल्या जमिनीवर, ओल्या चपलांनीं होल्डर हातीं धरूं नये. आणि कडबा, पऱ्हाट्या, सरकी किंवा कापसाचा ढीग ज्या छपरींत आहे तेथें यंत्र कदापि चालवूं नये. ठिणगी गंजींत शिरून दोन तासांनीं पेट घेते. पाण्याची बादली व वाळू जवळ असावी, आणि काम संपल्यावर अर्धा तास तेथेंच बसावें.

मग घ्यावें तरी काय?

गेल्या वर्षाची वही काढून वेल्डिंगच्या किती खेपा झाल्या, त्यांत किती पेरणी-मळणीच्या हंगामांत झाल्या, व किती पत्र्याच्या होत्या, हें मांडावें. वर्षांत चार-सहाच खेपा असतील तर यंत्र घेऊं नये. तो पैसा पाससंच, जादा फण व सुटे खिळे घरीं ठेवण्यांत घालावा. खेपा पुष्कळ पण बहुतेक अवजारांच्याच असतील, तर काडीचें चांगलें साधें यंत्र घ्यावें, आणि बहुविध यंत्राहून जो पैसा वांचेल तो तार, अर्थिंग व मुखवटा ह्यांवर खर्चावा. अवजारांबरोबर गोठा, पिंजरे, पत्र्याचीं कामेंहि वारंवार निघत असतील, तरच बहुविध यंत्र घ्यावें. आणि तें १६० ऍम्पिअर शेंकडा ६० चाळीस अंशांवर देणारें, कमी दाबावर टिकणारें, वायूसह व वायूविना चालणारें व पांच किलोचें रीळ घेणारें असावें. टिगची अक्षरें त्यावर असोत वा नसोत.

पांच-सहा शेजारी शेतकऱ्यांनीं मिळून एक यंत्र घेणें हाहि चांगला मार्ग आहे; मात्र तें एकाच जबाबदार माणसाच्या छपरींत, एकाच्या किल्लींत असावें. दहा हातांचें यंत्र एका हंगामांत भंगार होतें.

आणि गांवच्या वेल्डरास शत्रू समजूं नये. यंत्र आणल्यावर पहिले धडे त्याच्याकडूनच घ्यावे, त्याची मजुरी द्यावी, व ट्रॉलीच्या आंकड्यासारखीं जोखमीचीं कामें त्याच्याकडेच ठेवावीं. आपल्या घरीं यंत्र आलें म्हणून त्याच्या हातची वीस वर्षांची विद्या आपल्या घरीं आली असें होत नाहीं. चैत्र-वैशाखांत भंगाराच्या तुकड्यांवर शंभर काड्या जाळाव्या, प्रत्येक सांधा मोडून पाहावा, आणि घणाखालीं दहापैकीं दहा टिकूं लागले म्हणजेच स्वतःच्या वखरास हात लावावा. मग मृगाचा पाऊस पडून वाफसा आला व फण तुटला, तरी आपण दुकानाच्या रांगेंत नसूं. तासाभरानें तिफण पुन्हा शेतांत असेल.